कच्चा बर्फ

पहिल्या खेपेला आम्ही फारच धीर धरला.
सॉनातली लाल बादली, काठोकाठ पाणी,
शुक्रवारी रात्री बाल्कनीत ठेवली
आणि आर्नीला बजावलं, हात लावायचा नाही.
रविवारी दार उघडलं तर
बादली तडकलेली, आणि आत
एक अख्खा आंधळा ठोकळा.
ह्यात दिवा ठेवायचा कुठे?
योउकोने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, मग हातोडी,
मग तोंडात एक शिवी आली
ती मुलांकडे बघून गिळली.

कयानीत डिसेंबरचा दिवस असा असतो :
दहाला उजाडतं, दोनला आवरतं.
दोन खोल्या, त्याही भाड्याच्या,
भिंतीला खिळा मारायचा नाही हे करारातच आहे.
म्हणून जे काही करायचं ते काचेवर.
कॉफी गाळायचे कागद घड्या घालून कातरले,
मैद्याची खळ केली, थोडी गुठळ्यांची,
आणि चांदण्या चिकटवल्या.
तुइस्कूची एक घडी तिरकी पडली,
तिची चांदणी लंगडी आहे.
तीच सगळ्यात वर हवी, असा तिचा हुकूम.
खळ निघत नाही म्हणतात.
बघू. घर सोडताना खरवडू.

पण मला हवे होते ते बर्फाचे दिवे.
लहानपणी आमच्या गल्लीत कुणीतरी ठेवायचं,
कोण ते कधी कळलं नाही.

पायऱ्यांवर खडी टाकणारा रेइयो
आमचा ठोकळा बघून थांबला.
म्हणाला, फार वाट पाहिलीत.
मधलं पाणी पाणी असतानाच काढायचं.
एवढं बोलून गेला.
वर्षभरात इतकं बोललेला मी ऐकला नव्हता.

मग उणे पंधराची एक रात्र साधली.
नवी बादली आणली, दुधाची रिकामी खोकी धुतली,
पाखरांनी ठेवलेली लाल फळं आत सोडली, मूठभर.
तुइस्कूने माझ्या जुन्या कोटाचं बटण टाकलं,
विचारलं नाही, टाकलंच.
आणि आर्नी दर तासाला उठून बघत होता,
विरजण लागलं का बघावं तसं,
बोटाने नाही, कान लावून.

सकाळी बादली उपडी केली,
वरून कोमट पाणी ओतलं.
सुटला तो. पोटात पाणी डुचमळत होतं.
चमच्याच्या दांड्याने बुडाची पातळ साय फोडली,
आतलं पाणी फसकन बर्फावर सांडलं,
आणि मधे राहिली ती जागा,
एका मेणबत्तीपुरती.

मी रात्रपाळीला असते, इस्पितळाच्या धुलाईघरात.
चादरी, वाफ, पुन्हा चादरी.
मंगळवारी सहा-वीसच्या बसमधून उतरले
तर थांब्यापासून आमच्या जिन्यापर्यंत
सात दिवे.
खरं सांगायचं तर पाच, दोन विझले होते.
एक कलंडून स्वतःच्याच भिंतीला भोक पाडून बसलेला.
एकात बटण, उजेडात लालबुंद,
कोटावर असताना कधी दिसलं नव्हतं असं.
मी तिथेच उभी राहिले.
पाय गारठले तेव्हा वर गेले.
तिघंही झोपलेले होते, बुटांसकट योउको.

आठवा दिवा मला दुपारी दिसला,
रेइयोच्या फावड्यांच्या खोलीसमोर.
कुणी ठेवला, मी विचारलं नाही.
तोही काही बोलला नाही.
फक्त त्या आठवड्यात आमच्या पायऱ्यांवर
खडी जरा जास्तच होती.

बँकेचं अजून काही नक्की नाही.
योउकोची नोकरी मार्चपर्यंतच.
तिसऱ्या खोलीचा विषय आम्ही काढतो
आणि चहा ओततो.

एप्रिलमध्ये बर्फ उतरला तेव्हा
जिन्याखालच्या चिखलात बटण सापडलं.
कोटाला लावलं नाही.
खिडकीत ठेवलंय, लंगड्या चांदणीखाली,
पुढच्या बादलीसाठी.